सुट्या गोळ्या

माझ्या काउंटरवर तराजू नाही,
कात्री आहे.
वीस वर्षं हर्णैच्या बंदरात
मी तिनं पाकिटं कापत आलोय.
तापावर दोन, खोकल्यावर चार,
"जास्ती नको भाऊ, बोट रिकामी आलीय."
चंदेरी कागद करकरतो.
औषधाचं नाव एका तुकड्यावर जातं,
मुदतीची तारीख दुसऱ्यावर.

चांगुणा पावसे आली लिलाव आटपून.
शिंगाळा साफ करताना काटा शिरलेला,
अंगठ्याच्या मुळाशी.
आधी हळद झाली होती, मग चुना,
मग मुठेल तापवून रात्रभर.
बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या,
सूज त्यांना खाली येऊ देईना.

खतीब डॉक्टरीणबाईंनी पू काढला,
लालीच्या कडेकडेनं बॉलपेनची रेघ ओढली,
रेघेशेजारी तारीख, वेळ सव्वाचार.
कागदावर: सात दिवस, दिवसाला दोन.
"रेघ ओलांडली तर
रात्र असो की उधाण, निघून यायचं."
चांगुणा मला हात दाखवून हसली,
"बघ रे, बाईनं माझ्यावर किनारा काढलाय."

चौदा गोळ्या.
तिनं कनवटीचे पैसे काढले, दोनदा मोजले.
ती काही बोलली नाही,
मी काही विचारलं नाही.
कात्रीच बोलली:
सहा.

तिसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत, बोटभर.
"ओहोटी लागली," म्हणाली,
आणि बर्फात हात घालून सुरमई लावायला बसली.
मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.
औषध माझ्या दुकानातलं होतं.

बंदरावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं,
भांगाचं पाणी बघून जो होडी खाली ठेवतो
त्याची होडी अमावास्येला जाते.
हातातलं पाणी मात्र
कुणाला वाचता आलं नाही.
मेले ते कोवळे जंतू.
उरले ते
गोळीचा वास ओळखून बसले.

सहाव्या दिवशी तांबडं रेघेवरून गेलं.
तारीख बुडाली, सव्वाचार बुडाले,
कोपरावरून एक लाल दोरी काखेकडे चढली.
मुलानं तिला टेम्पोत घातलं,
माशांच्या रिकाम्या क्रेटांना टेकवून,
दापोलीला.
अकरा दिवस सलाईन,
दुसरं औषध, शिरेतून, महागाचं.
पहिलं आता हिला लागू पडत नाही,
असा रिपोर्ट आला.

परत आली तेव्हा
हाताची साल निघत होती कोलंबीसारखी.
मला वाटलं, शिव्या घालेल.
बंदरावरच्या शिव्या मला तोंडपाठ आहेत.
तिनं एवढंच विचारलं,
"माझ्या उरलेल्या आठ कुठं गेल्या रे?"

विकल्या होत्या.
तीन, तीन, दोन.
कुणाकुणाला, आठवत नाही.

काल रात्री बुरोंडीचा धाकू आला,
मांडीला गळू, पाय फाकवून चालत.
"दोनच दे. पहाटे बोट सुटते, दहा दिवस."
कात्री मी हल्ली गल्ल्यात ठेवतो,
तरी हात तिकडं गेलाच.
मग शटर अर्धं ओढलं
आणि त्याला घेऊन बाईंच्या दाराशी उभा राहिलो.
त्या झोपेतून उठून आल्या, केस मोकळे,
बॅटरीच्या उजेडात बघितलं,
तिथंच चिरा दिला,
ओट्यावर ठेवून कागद लिहिला.
मला एक शब्द बोलल्या नाहीत.
तेही लागलं.

अख्खं पाकीट त्याच्या हातात दिलं.
"बरं वाटलं तरी खायच्या," मी म्हणालो,
"बरं वाटलं की जास्त खायच्या असं नव्हे,
सगळ्या खायच्या."
तो मान हलवत होता,
लक्ष जेटीवरच्या हाकेकडे.
खाईल,
नाहीतर खोल पाण्यात
तांडेलाच्या दाढेला दोन देईल.

पहाटे इंजिनं सुरू झाली, एकामागून एक.
त्यातली त्याची कोणती, काही कळेना.
उधारीच्या वहीत लिहिलं:
धाकू, बुरोंडी. चौदा.
पैसे आल्यावर.